टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल का? विकत घेण्याआधी घरबसल्या तपासायची पद्धत

टॅब घ्यावा की लॅपटॉप असं कुणी विचारलं की चर्चा लगेच प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीनवर घसरते, आणि खरं सांगायचं तर गाडी तिथे अडतच नाही. ॲपलने २०२४ च्या मे महिन्यात एम४ चिप आणली ती आधी आयपॅड प्रोमध्ये, मॅकबुकमध्ये ती नंतर आली, म्हणजे काही महिने नवी चिप टॅबकडे आणि लॅपटॉप मागच्या पिढीवर असा उलटा प्रकार होता. तरीपण त्या टॅबवर एक्सेलचा साधा मॅक्रो (शीटमधली ठरलेली कामं एका बटणावर आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) चालत नव्हता आणि आजही चालत नाही. तेव्हा चिप बाजूला ठेवा, आपली कामं बघा, आणि कामांमध्येसुद्धा रोजच्या कामांवर फार वेळ घालवू नका. मेल, व्हिडिओ कॉल, ब्राउझिंग, पीडीएफ वाचणं, एखादं पत्र टाइप करणं हे कुठल्याही बऱ्या टॅबवर होतं, त्यात तपासण्यासारखं काही नाही. माणूस अडतो तो दोन-चार महिन्यांतून एकदा येणाऱ्या कामावर, आणि असलं काम नेमकं शेवटच्या तारखेच्या रात्रीच आठवतं.

ते काम आधीच हुडकून काढायचं कसं, एवढंच या गाइडमध्ये आहे. बाकी सेटअप वगैरे ओघाने येईलच.

पहिलं काम: लॅपटॉपची झडती घ्या

"मी लॅपटॉपवर काय करतो" हे आठवून लिहू नका, आठवणीत फक्त मोठी कामं राहतात. लॅपटॉपलाच विचारा. डाउनलोड्सचा फोल्डर उघडा, फाइल्स टाइपप्रमाणे सॉर्ट करा आणि वरून खाली बघत या. डॉक्स, पीडीएफ, जेपीजी, एमपी४ दिसल्या तर निवांत पुढे सरका. ईएक्सई किंवा एमएसआय दिसली की थांबा, कारण ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते काय होतं आणि कशासाठी घेतलं होतं ते वहीत लिहा. एक्सएलएसएम म्हणजे मॅक्रोवाली एक्सेल शीट, तीही लिहा. ॲक्सेसचा डेटाबेस, कॅडचं डीडब्ल्यूजी ड्रॉइंग, आउटलुकची जुने मेल साठवणारी पीएसटी फाइल, हे सगळे वहीत जाणारे पाहुणे. झिप चालते, टॅबवर उघडते, आरएआरसाठी वेगळं ॲप लागतं पण ते काही अवघड नाही.

मग सेटिंग्जमध्ये जाऊन इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी काढा. त्यातली निम्मी नावं तुम्हाला आठवणारही नाहीत, ती सोडून द्या. जी ओळखीची आहेत त्यांच्यासमोर एकच गोष्ट लिहायची: हे ब्राउझरमध्ये होतं का, याचं ॲप आहे का, की हे फक्त विंडोज किंवा मॅकवरच चालतं.

तिसरी जागा म्हणजे लॅपटॉपची पोर्टं. वर्षभरात तिथे काय काय खोचलं? प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, कॅमेऱ्याचं कार्ड, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, एखाद्या यंत्राचं फर्मवेअर अपडेट करायची वायर. यातलं डिजिटल सहीचं टोकन सगळ्यात खट आहे, त्याला ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो आणि तो सहसा डेस्कटॉप सिस्टिमसाठीच बनलेला असतो, टॅबला टोकन लावलं तर दिवा पेटेल पण सही होणार नाही. जुन्या यूएसबी प्रिंटरचंही तेच. वायफायवर चालणारा नवा प्रिंटर असेल तर आयपॅडला एअरप्रिंट (ॲपलची वायरशिवाय छापायची सोय) चालतं आणि अँड्रॉइडमध्ये प्रिंट सर्व्हिस आधीच असते, तिथे काही त्रास नाही.

झडती झाली की वहीत बहुतेक लोकांकडे पाच-सहा ओळी उरतात, कुणाकडे एकही उरत नाही. ज्यांच्याकडे काहीच उरलं नाही त्यांनी पुढचा अर्धा लेख सोडून थेट कीबोर्डच्या भागावर गेलं तरी चालेल.

ब्राउझरवाली कामं

"वेबसाइट तर सगळीकडे उघडते" असं वाटतं आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. २०१९ मध्ये आयपॅडओएस वेगळं झालं तेव्हापासून आयपॅडवरची सफारी वेबसाइटकडे मोबाइलऐवजी डेस्कटॉपचं पान मागते, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेन्यूत डेस्कटॉप साइटची टिक आहे. तरी काही साइट्स त्रास देतात, विशेषतः जुनाट फॉर्मवाल्या. माउस नुसता वर नेला की मेन्यू उघडतो अशी साइट असेल तर बोटाने तो मेन्यू धड उघडत नाही, कारण बोट एक तर टेकलेलं असतं नाहीतर नसतं, नुसतं "वर नेणं" बोटाला जमत नाही. टॅबला माउस जोडला की हा प्रश्न सुटतो, म्हणून माउस कायम जवळ ठेवा, ऐटीत बोटानेच सगळं करायचा हट्ट नको.

एक्स्टेंशनवर (ब्राउझरला जोडायच्या छोट्या जादा सोयींवर) तुमचं काम अवलंबून असेल तर नीट बघा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन टाकता येत नाहीत, फायरफॉक्समध्ये येतात, आयपॅडच्या सफारीत २०२१ पासून येतात पण लॅपटॉपवर वापरता तेच नेमकं तिथे असेलच असं नाही. आणि ऑनलाइन परीक्षा देणारे असाल तर परीक्षेची अट आधी वाचा, कुलूपबंद ब्राउझर किंवा कॅमेऱ्याने नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लागत असेल तर ते बऱ्याचदा फक्त लॅपटॉप-डेस्कटॉपवर चालतं.

ऑफिसची कामं, इथे जरा थांबा

वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट तिन्हींची ॲप्स टॅबवर आहेत, दिसायलाही तशीच आहेत, आणि म्हणूनच फसायला होतं. एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनवर ही ॲप्स साध्या एडिटिंगसाठी फुकट, त्याहून मोठ्या स्क्रीनवर मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं. आता लॅपटॉपच्या जागी घ्यायचा टॅब ११ इंचांचा किंवा वरचाच असणार, म्हणजे सबस्क्रिप्शनचा खर्च धरूनच चाला, नाहीतर ब्राउझरमधून फुकटचं ऑफिस किंवा गूगल डॉक्स वापरा.

मेल मर्ज (एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने तयार करणं) वर्डच्या टॅबवरच्या ॲपमध्ये नाही. नेहमीचं लिखाण, ट्रॅक चेंजेस, कॉमेंट्स हे व्यवस्थित चालतं, मोठं पुस्तक किंवा प्रबंध लेआउटसकट तिथेच पूर्ण करायचा विचार असेल तर आपली सगळ्यात मोठी फाइल उघडून बघा, नमुन्याची फाइल नको.

एक्सेलची खरी परीक्षा अशी घ्या. तुमची रोजची शीट उघडा, दोनशे ओळींवर एक फॉर्म्युला खाली ओढा. लॅपटॉपवर कोपऱ्यातल्या चौकोनावर डबल क्लिक केलं की काम संपतं, टॅबवर बोटाने सेल निवडायचा, मेन्यू यायची वाट बघायची, फिल निवडायचं, मग बाण धरून खाली ओढायचं, आणि ओढताना बोट जरा हललं की निवड सुटून पानच सरकतं, परत पहिल्यापासून. हेच काम माउस आणि कीबोर्ड जोडून केलं तर बरंच सुसह्य होतं. आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅबवर मॅक्रो मात्र कशानेच चालणार नाही. शीट उघडेल, आकडे दिसतील, बटण दाबलं की ढिम्म. तुमच्या ऑफिसने दिलेल्या शीटमध्ये मॅक्रो असतील तर चर्चा इथेच संपली, असा टॅब दुसरं यंत्र म्हणून घ्या, एकमेव म्हणून नाही.

न विकत घेता रंगीत तालीम

ही युक्ती फार लोक वापरत नाहीत आणि फुकट आहे. टॅबवर जी ॲप्स असतात ती बहुतेक तुमच्या फोनवरही असतात, तीच सिस्टिम, तीच ॲप्स, तीच बंधनं. आयपॅड घ्यायचा विचार असेल आणि हातात आयफोन असेल, किंवा अँड्रॉइड टॅब घ्यायचाय आणि फोन अँड्रॉइड आहे, तर दोन-तीन दिवस लॅपटॉप बॅगेत बंद करून ठेवा, फोन उभा करा, ब्लूटूथ कीबोर्ड जोडा (अँड्रॉइडला माउससुद्धा) आणि वहीतल्या पाच-सहा ओळी एकेक करून करायला बसा. स्क्रीन लहान आहे, डोळ्यांना त्रास होणार, मान्य, पण आपण इथे आराम तपासत नाही, "होतं की नाही" एवढंच बघतोय. जे फोनवर कुरकुरत का होईना पार पडलं ते टॅबवर सोपं जाईल. जे फोनवर झालंच नाही ते टॅबवर व्हायची आशा थोडी, अपवाद फक्त काही ॲप्सचे ज्यांची टॅबची आवृत्ती जास्त सुविधांची असते.

सॅमसंगचा वरच्या दर्जाचा फोन असेल तर अजून मजा, मॉनिटरला जोडून डेक्स (फोनला कॉम्प्युटरसारखं रूप देणारी सोय) चालू करा, खिडक्या, टास्कबार सगळं येतं. डेक्स २०१७ मध्ये फोनवर आलं आणि पुढच्या वर्षी टॅब एस४ वर. ते मोठ्या स्क्रीनवर वापरून बघितलं की अँड्रॉइड टॅबवर आपलं जमेल की नाही याचा अंदाज तासाभरात येतो.

या तालमीत जे अडेल त्यासमोर वहीत खूण करा. मग स्वतःला विचारा, या कामासाठी दुसरा मार्ग आहे का: घरातलं दुसरं कुणाचं यंत्र, ऑफिसचा कॉम्प्युटर, किंवा जुना लॅपटॉप कोपऱ्यात ठेवून देणं. शेवटच्या पर्यायाबद्दल पुढे बोलू.

तीन जातीचे टॅब, तिन्हींची खोड वेगळी

आयपॅडची ॲप्स सगळ्यात भक्कम, चित्रकला आणि व्हिडिओची तर नक्कीच. दाविंची रिझॉल्व्ह २०२२ च्या शेवटी आयपॅडवर आलं, फायनल कट प्रो २०२३ मध्ये. खिडक्यांचं प्रकरण मात्र बरीच वर्षं अर्धवट होतं, २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये लहान-मोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वर मेन्यू बार आला तेव्हा कुठे ते लॅपटॉपसारखं वाटायला लागलं. खोड काय, तर घरात चार जण वापरणार असतील तर चार वेगळे युजर करता येत नाहीत (शाळांसाठी वेगळी सोय आहे, घरासाठी नाही), सगळ्यांचे मेल आणि फोटो एकाच ताटात. स्टोरेज नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे पहिल्यांदाच विचार करून घ्या.

अँड्रॉइड टॅबमध्ये बऱ्याच मॉडेल्सना वेगळे युजर करता येतात, काहींना मेमरी कार्ड लागतं, फाइल्स हाताळणंही जरा मोकळं. खोड म्हणजे दर्जातला फरक प्रचंड आहे. स्वस्तातला टॅब सहा-आठ महिने छान चालतो आणि मग कीबोर्डवर अक्षर उमटायलाच वेळ लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. सॅमसंगने टॅब एस१० साठी सात वर्षांचं वचन दिलंय, पण स्वस्तातल्या काही टॅबच्या पानावर तो आकडा शोधूनही सापडत नाही. बँकेची कामं ज्या यंत्रावर करायची त्याला अपडेट मिळत नसतील तर लॅपटॉपची जागा द्यायचा प्रश्नच नको.

तिसरी जात विंडोज टॅबची, म्हणजे सरफेस प्रो आणि त्याच्या भाऊबंदांची. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये सरफेस प्रो ३ आणला तो "लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट" अशी जाहिरात करूनच. वहीत ईएक्सई आणि मॅक्रोवाल्या ओळी जास्त असतील तर खरं उत्तर इथे आहे, कारण हा आतून लॅपटॉपच आहे. पण टॅब म्हणून तो थोडा कमी पडतो, बोटाने वापरायची ॲप्स कमी, सोफ्यावर आडवं पडून वाचायला जड. आणि कीबोर्ड सहसा वेगळा विकत घ्यावा लागतो, फोटोत मात्र कायम जोडलेलाच असतो! चिप कुठली आहे तेही बघा. २०१२ मध्ये सरफेस आरटी आला होता, दिसायला विंडोज पण जुनं कुठलंच सॉफ्टवेअर त्यावर चालत नव्हतं, लोकांनी पाठ फिरवली आणि पुढच्या वर्षी कंपनीला त्या मालापायी ९० कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवावा लागला. आताच्या स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोजवर परिस्थिती खूप सुधारलीय, जुनी बहुतेक सॉफ्टवेअर चालतात, पण ड्रायव्हर त्या चिपसाठीच बनलेला लागतो. त्यामुळे जुना प्रिंटर, टोकन किंवा एखादं खास यंत्र असेल तर इंटेल किंवा एएमडीवालं मॉडेल घ्या, डोक्याला ताप नाही.

कीबोर्ड, माउस, स्टँड

स्क्रीनवरच्या कीबोर्डवर चार ओळींचा मेल लिहिता येतो, चार पानं लिहिता येत नाहीत, कारण कीबोर्ड उघडला की अर्धी स्क्रीन त्यानेच खाल्लेली असते आणि बोटांना की कुठे आहे ते बघावं लागतं. म्हणून कीबोर्ड हवाच. केसमध्येच बसणारा, पिनांनी जोडला जाणारा कीबोर्ड घेतला तर चार्जिंग आणि जोडणीची कटकट नाही, ब्लूटूथवाला स्वस्त पडतो आणि तो टॅबपासून लांब ठेवता येतो. हा लांब ठेवायचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. लॅपटॉपप्रमाणेच टॅबचीही स्क्रीन खाली असते आणि दिवसभर मान वाकवून बसलं की संध्याकाळी खांदे बोलायला लागतात. टॅब उंच स्टँडवर, डोळ्यांच्या रेषेत, कीबोर्ड खाली टेबलावर, ही मांडणी दोन-तीन तासांच्या कामासाठी सगळ्यात चांगली, किंबहुना या बाबतीत टॅब लॅपटॉपपेक्षा सरस आहे कारण त्याचा कीबोर्ड सुटा होतो.

उभ्या स्क्रीनवर मात्र सतत बोट लावून काम करू नका, हात हवेत धरून दहा मिनिटं स्क्रोल केलं तरी दंड भरून येतो. आयपॅडला माउस आणि ट्रॅकपॅडचा धड सपोर्ट मार्च २०२० मध्ये आला, अँड्रॉइडला आधीपासूनच आहे, तेव्हा दोन्हीकडे साधा ब्लूटूथ माउस लगेच चालतो.

मांडीवर ठेवून काम करायची सवय असेल तर दुकानात प्रत्यक्ष मांडीवर ठेवून बघा, लाजू नका. मागे टेकू असणारे टॅब टेबलावर झकास उभे राहतात आणि मांडीवर डगमगतात, कारण सगळं वजन वरच्या बाजूला. आणि वजनाचा हिशोब करताना कीबोर्डसकट करा. १२.९ इंची आयपॅड प्रो आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड मिळून मॅकबुक एअरपेक्षा जड भरायचे, म्हणजे हलकं यंत्र म्हणून घेतलं आणि बॅग होती त्याहून जड. किमतीचंही तसंच, टॅब अधिक कीबोर्ड अधिक पेन अधिक हब अधिक सबस्क्रिप्शन अशी बेरीज करा आणि तो आकडा लॅपटॉपच्या शेजारी ठेवा.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी तपासायची. फोनवर आपण रोमन अक्षरात टाइप करून देवनागरी उमटवतो ते स्क्रीनवरच्या कीबोर्डचं काम असतं, बाहेरचा कीबोर्ड जोडला की ते तसंच चालेल असं धरून चालू नका. इन्स्क्रिप्ट (थेट देवनागरी अक्षरांची की-मांडणी) येत असेल तर मजेत आहात. नसेल तर तालमीच्या दिवसांतच कीबोर्ड जोडून दोन परिच्छेद मराठी लिहून बघा, भाषा बदलायचा शॉर्टकट कुठला ते शोधा, जोडाक्षरं आणि रफार नीट येतात का बघा. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फाइल्स असतील तर त्या टॅबवर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतील, त्या लॅपटॉप हाताशी असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. बोलून टाइप करायची सोय मात्र टॅबवर चांगली आहे, कच्चा मसुदा बोलून टाकायचा आणि मग कीबोर्डने दुरुस्त करायचा, असं बरेच जण करतात.

शॉर्टकट शिका. आयपॅडला जोडलेल्या कीबोर्डवर कमांडची की दाबून धरली की त्या ॲपमधल्या शॉर्टकटची यादी स्क्रीनवर येते, पाठ करायची गरज नाही. ॲप बदलायला आयपॅडवर कमांड-टॅब, अँड्रॉइडवर आल्ट-टॅब. एवढ्या दोन गोष्टी हाताला बसल्या तरी टॅब निम्मा लॅपटॉप वाटायला लागतो.

मॉनिटर लावायचा असेल तर मॉडेलचं नाव घेऊन शोधा. साध्या आयपॅडवर मॉनिटरवर तेच चित्र दिसतं जे टॅबवर आहे, वेगळी जागा म्हणून मॉनिटर वापरायला एम चिपवालं मॉडेल लागतं. अँड्रॉइडच्या बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये यूएसबी-सी पोर्ट असतं पण त्यातून चित्र बाहेर येतच नाही, फक्त चार्जिंग आणि डेटा. पोर्टाचा आकार बघून काही कळत नाही.

फाइल्स, जिथे सगळे रडतात

टॅबला नावं ठेवणारे शेवटी याच मुद्द्यावर येतात. एक साधं उदाहरण घ्या. मेलमध्ये वर्डची फाइल आली, तुम्ही तिच्यावर टिचकी मारली, ती उघडली, वर्डमध्ये पाठवा म्हणालात, वर्डमध्ये दुरुस्त्या केल्या, सेव्ह झालं असं दिसलं. आता मेलमध्ये परत येऊन तीच अटॅचमेंट फॉरवर्ड केलीत. समोरच्याला मिळाली जुनी फाइल. कारण वर्डमध्ये गेली ती कॉपी होती, मेलमधली जिथल्या तिथे आहे. लॅपटॉपवरही असं होऊ शकतं पण टॅबवर हे जास्त होतं, कारण प्रत्येक ॲपची आपली वेगळी खोली असते आणि फाइल एका खोलीतून दुसरीत जाताना बऱ्याचदा तिची दुसरी प्रत तयार होते.

यावर उपाय एकच आणि तो पहिल्या दिवसापासून पाळायचा. एक क्लाउड निवडा, कुठलंही, पण एकच, आणि त्यात कामाचा एक फोल्डर करा. मेलमधली फाइल आली की आधी त्या फोल्डरमध्ये सेव्ह करायची, मग वर्ड उघडून वर्डच्या आतून त्या फोल्डरमधली फाइल उघडायची. पाठवतानाही नवीन मेल, अटॅच, त्याच फोल्डरमधून. आठवडाभर जुन्याच पद्धतीने करायला हात शिवशिवतात, नंतर सवय होते. नेट जाणाऱ्या ठिकाणी काम करत असाल तर तो फोल्डर ऑफलाइन ठेवायचं बटण दाबून ठेवा, हे आपोआप होत नाही.

पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क आयपॅडवर २०१९ पासून चालतात, अँड्रॉइडवर आधीपासून. फॉरमॅट एक्सफॅट ठेवा. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही, विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची डिस्क टॅबवर रुसू शकते. फिरणाऱ्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क टॅबच्या पोर्टातून मिळणाऱ्या विजेवर नीट चालू होत नसेल तर चार्जर लावता येणारा हब घ्या, डिस्क बिघडलीय असं समजून टाकून देऊ नका. कॉपी चालू असताना वायर काढू नका, आयपॅडवर "सुरक्षित काढा" असं काही बटण नाही त्यामुळे आपणच धीर धरायचा.

अजून एक. मोठा व्हिडिओ अपलोडला लावला आणि तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की अपलोड मध्येच झोपी जातो, परत येऊन बघता तर टक्का तिथेच. टॅबची सिस्टिम बॅटरी वाचवायला मागची ॲप्स थांबवते म्हणून हे होतं. स्क्रीन दोन भागात करून ते ॲप समोरच ठेवा, अँड्रॉइडवर त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये बंधन काढून टाका. आयपॅडओएस २६ मध्ये मोठी कामं मागे चालू ठेवायची सोय आलीय पण ॲपनेही ती वापरलेली असावी लागते.

कुणी घ्यावा, कुणी नाही, थोडक्यात

विद्यार्थी असाल आणि मुख्य काम वाचणं-लिहिणं असेल तर टॅब आणि पेन ही जोडी लॅपटॉपपेक्षा उजवी, पीडीएफवरच लिहिता येतं. वाचायला ४:३ च्या जवळची स्क्रीन बरी, कागदाच्या पानासारखी बसते, १६:१० वाली व्हिडिओला चांगली. सॅमसंगच्या पेनाला लिहिण्यापुरतं चार्जिंग लागत नाही, ॲपलच्या पेनाला लागतं. कोडिंग शिकणाऱ्यांनी टॅबवर भरवसा ठेवू नये, ब्राउझरमधून जमतं बरंच काही, पण आपल्याच यंत्रावर सगळं चालवून बघायची मोकळीक तिथे नाही. अकाउंट्सचं विंडोज सॉफ्टवेअर वापरणारे, मॅक्रोवाले, सहीचं टोकन वापरणारे, कॅडवाले, यांनी विंडोज टॅब तरी घ्यावा नाहीतर लॅपटॉपच. घरच्या ज्येष्ठांसाठी मात्र डोळे मिटून टॅब, व्हायरस आणि "हे काय उघडलं बघ रे" या दोन्हींची कटकट बरीच कमी.

जुना लॅपटॉप टाकू नका

वहीत खूण केलेलं एखादंच काम उरलं असेल तर जुना लॅपटॉप प्लगला लावून कोपऱ्यात ठेवा, त्यावर क्रोम रिमोट डेस्कटॉप (एक यंत्र दुसऱ्यावरून चालवायची सोय) टाका, झोपायची सेटिंग बंद करा, आणि टॅबवरून तो चालवा. मॅक्रोवाली शीट महिन्यातून एकदा उघडायची असेल तर एवढं पुरतं. फक्त लक्षात ठेवा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नसेल तर बँक, मेल असलं काही त्यावर ठेवू नका, तेवढ्या एका कामापुरताच तो उघडायचा.

आणि लॅपटॉप विकायचाच असेल तर फॉरमॅट मारायच्या आधी तीन गोष्टी बाहेर काढा. ब्राउझरमध्ये सेव्ह असलेले पासवर्ड, ते टॅबवर त्याच अकाउंटने लॉगिन केल्यावर दिसतात का ते प्रत्यक्ष बघा. दोन टप्प्यांचं लॉगिन त्या लॅपटॉपवर "विश्वासू यंत्र" म्हणून अडकलंय का, असेल तर आधी टॅब आणि फोन त्या यादीत घाला. आणि आउटलुकची पीएसटी फाइल असेल तर त्यातले जुने मेल लॅपटॉपवरच आउटलुक उघडून ऑनलाइन मेलबॉक्समध्ये हलवा, कारण टॅबवरचं आउटलुक पीएसटी उघडत नाही, आणि हे बहुतेकांना लॅपटॉप दुसऱ्याच्या घरी पोहोचल्यावर कळतं.